सर्वानुमते मंजूर

राज्य सरकारचा बाबू अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. जिल्हा परिषदेला दोन वर्षं जास्त मिळाली, एवढाच काय तो फरक. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. साठी गाठायला जेमतेम सव्वा महिना उरला असताना, मार्च २०२२ मध्ये, सातारा आणि सांगलीच्या सदस्यांची मुदत संपली. पदाधिकाऱ्यांच्या गाड्या जमा झाल्या, दालनांना कुलपं लागली आणि मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. खाली पंचायत समितीत बीडीओसाहेब प्रशासक झाले. निवडणूक? होईल की. घाई कसली होती?

या जिल्हा परिषदा ज्यांच्या कारकिर्दीत उभ्या राहिल्या ते यशवंतराव चव्हाण जन्मले देवराष्ट्र्यात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात. आणि राजकारणात वाढले कऱ्हाडात, म्हणजे सातारा जिल्ह्यात. जयंती-पुण्यतिथीला दोन्ही जिल्हे हक्क सांगून हार घालतात. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून झालेल्या १९६१ च्या कायद्यात एक मोठी खुबी होती. कलेक्टरला जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवलं होतं. आत निवडून आलेला अध्यक्ष, आणि त्याच्याबरोबर काम करायला आयएएस सीईओ. साहेबाने गावकऱ्याला बोलवायचं नाही, गावकऱ्याने साहेबाला विचारायचं, असा तो बेत. साठ वर्षांनी काय झालं? साहेब आत राहिले आणि गावकरी बाहेर गेले. यशवंतरावांच्या पुतळ्याला हार मात्र वेळेवर पडतो. त्याची निविदा थांबत नाही.

प्रशासक नेमला की सभेचे अधिकार त्याच्याकडे जातात. सर्वसाधारण सभा तोच, स्थायी समिती तोच. मग इतिवृत्त लिहिणाऱ्या कारकुनाची पंचाईत किती! आमच्या डोक्यातला नमुना असा:

'विषय क्र. १. मा. प्रशासकांनी विषय सभेपुढे मांडला. त्यावर मा. प्रशासकांनी मा. प्रशासकांशी साधकबाधक चर्चा केली. मा. प्रशासकांनी हरकत घेतली नाही. सूचक : प्रशासक. अनुमोदक : प्रशासक. ठराव सर्वानुमते मंजूर. आयत्या वेळच्या विषयात मा. प्रशासकांच्या अभिनंदनाचा ठराव घेऊन अध्यक्षांच्या परवानगीने सभा संपली. अध्यक्ष : प्रशासक.'

नमुना काल्पनिक आहे. अधिकार खरे आहेत.

६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की चार महिन्यांत निवडणुका उरका. तोवर तीन वर्षं उलटून गेली होती. चार महिने संपले, आणि कोर्टाच्या हुकमालाच मुदतवाढ मिळाली : ३१ जानेवारी २०२६. आपल्या शेतकऱ्याला सोसायटीच्या कर्जाची मुदतवाढ मिळवताना चपला झिजवाव्या लागतात. तिथे वकील कमी पडतो, दुसरं काय.

आता खरा प्रश्न. प्रशासकांच्या काळात कुणाचं काही अडलं का? पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीला निवडून आलेली संस्था ही अटच होती, त्यामुळे पैशाचं अडलं. बाकी रस्ते तसेच उखडलेले, टँकर तसेच उशिरा. खुद्द सदस्यांचं म्हणाल, तर पूर्वी सभागृहात असताना त्यांचा निम्मा जीव निधीवाटपात आणि उरलेला कंत्राटदारात गुंतलेला असायचा. म्हणून लोकांनी फारशी हळहळ केली नाही. पण एक गोष्ट गेली, आणि ती कुठल्याच अहवालात लिहिलेली नाही. आरडाओरडा गेला.

ज्यांनी जिल्हा परिषदेची सभा पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे. आटपाडीकडचा नाहीतर पाटणच्या डोंगरातला एखादा सदस्य उठायचा. पांढरा सदरा, हातात गढूळ पाण्याची बाटली. ती टेबलावर आपटायचा आणि म्हणायचा, 'साहेब, हे पाणी आमची पोरं पितात. तुम्ही एक घोट घ्या, मग पुढचा विषय.' सभागृहात हशा. व्यासपीठावर एकदम शांतता. पाणीपुरवठ्याचा अभियंता मागच्या खुर्चीत कागद चाळायला लागायचा. दुसऱ्या दिवशी त्या गावात जीप जायची. बाटलीचा थोडा तमाशा असायचा, पेपरात फोटोही यायचा. पण जीप खरी असायची. प्रशासक स्वतःच्याच टेबलावर बाटली आपटून स्वतःलाच जाब विचारणार कसा? अंगावर पाणी सांडेल.

आणि जाब विचारणारं कुणी नसलं, की कायदा किती छान पाळता येतो ते बघा.

महाराष्ट्रात २००५ चा एक कायदा आहे. बदल्यांचं विनियमन आणि विलंबास प्रतिबंध, अशा जोडनावाचा. त्यात लिहिलंय, की कुठल्याही कर्मचाऱ्याच्या टेबलावर फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. अतितातडीची असेल तर एकच दिवस. या कायद्यातला बदल्यांचा भाग कर्मचाऱ्यांना तोंडपाठ असतो. विलंबाचा भाग... थांबा, साहेब व्हीसीत आहेत.

पण गंमत अशी, की तोही भाग पाळला जातो! फाईल टेबलावर थांबत नाही, ती फिरते. सहाव्या दिवशी कारकून शेरा मारतो, 'त्रुटी पूर्ततेसाठी परत'. फाईल खाली येते. झेरॉक्स जोडली जाते, फाईल वर जाते. सहाव्या दिवशी नवा शेरा : 'मूळ प्रत जोडावी'. पुन्हा खाली. नंतर 'अभिप्रायासाठी सादर'. मग 'चर्चा करावी'. कुणी कुणाशी करायची, ते साहेबांनी लिहिलेलं नसतं. प्रत्येक टेबल कायद्यात बसतं. वर्षभरात बसत नाही ते फक्त काम. आमच्याकडे नियम मोडून कुणी अडवत नाही. नियम पाळूनच अडवतात.

वारसाची नोंद घ्या. कागदावर किती सोपी आहे. तलाठ्याकडे अर्ज, फेरफाराला नोंद, पंधरा दिवसांची नोटीस, हरकत नसेल तर सर्कलसाहेबांनी प्रमाणित करायचं. महिन्याभराचा मामला. सज्जावर मात्र असं घडतं :

'भाऊसाहेब, आमच्या नोंदीचं काय झालं?'

'मामा, सर्व्हर नाय आज.'

'काल होता म्हणं.'

'काल मी नव्हतो.'

भाऊसाहेबांचंही खोटं नाही. त्यांच्याकडे दोन-तीन सज्जे, त्यात ई-पीक पाहणी, त्यात अवकाळीचे पंचनामे, त्यात मतदारयादी. माणूस एक आणि गावं पाच. सरकारने यावर इलाज काढला. २०२४ मध्ये तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी केला आणि ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी. पाट्या नव्या लागल्या. गावाला दोघेही अजून भाऊसाहेबच, आणि सज्जे तेवढेच.

१९४९ साली सातारा जिल्हा फोडून आणि संस्थानं मिळवून जो जिल्हा झाला त्याचं नाव होतं दक्षिण सातारा. १९६० साली त्याचा सांगली झाला. म्हणजे अख्ख्या जिल्ह्याचं नाव अकरा वर्षांत बदललं. त्या जिल्ह्यातल्या कित्येक सातबाऱ्यांवर मात्र पणजोबा आजही खातेदार आहेत. अखेर २०२५ मध्ये सरकारने राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, मयत खातेदारांच्या जागी वारस लावायला. सातबारा इतकी वर्षं जिवंत नव्हता, हे सरकारनेच सांगितलं ते बरं झालं. आम्ही सांगितलं असतं तर पुरावा मागितला असता.

मग तुम्ही म्हणाल, तक्रार करा. करा की! २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. ठरलेल्या मुदतीत सेवा नाही मिळाली तर अपील. पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरच्या साहेबांकडे. ते कालच खालच्या साहेबांच्या मुलीच्या लग्नात जेवून आलेले असतात. अपिलात दोष सिद्ध झालाच तर दंड, पाचशे ते पाच हजार रुपये. हा दंड आहे की दरपत्रक, ते वाचकांनी ठरवावं. त्यातली खालची रक्कम तर साताऱ्यातल्या कंदी पेढ्यांच्या दोन-तीन मोठ्या पुड्यांतच संपते.

नाहीतर लोकशाही दिनाला जा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कलेक्टर कचेरीत. फक्त अर्ज पंधरा दिवस आधी, विहित नमुन्यात द्यायचा. आणि त्याआधी तालुक्याच्या लोकशाही दिनाला जाऊन आलेलं असायचं. आणि प्रकरण कोर्टात असेल तर नाही. उमदीचा माणूस जतच्या पार टोकाकडून पहाटे निघतो, शंभराहून जास्त किलोमीटर तुडवून सांगलीत विजयनगरच्या कलेक्टर कचेरीत पोचतो, तर खिडकीवरचा माणूस म्हणतो, 'तालुक्याची पोच?' लोकशाही महिन्यातून एक दिवस. त्याचीही पूर्वतयारी महिनाभराची.

कचेऱ्यांना काही करताच येत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. २०१८ च्या स्वच्छ सर्वेक्षण ग्रामीणमध्ये सातारा जिल्हा देशात पहिला आला. त्याच्या आदल्या वर्षी पुणे विभागात 'झीरो पेंडन्सी' सुरू झाली. विभागीय आयुक्त होते चंद्रकांत दळवी, आपल्याच खटाव तालुक्यातल्या निढळचे. नगरला ऐंशीच्या दशकात कलेक्टर अनिलकुमार लखिना यांनी जे करून दाखवलं होतं, त्याच वाटेने जायचं ठरलं. कपाटं उघडली, गठ्ठे सोडले, अभिलेख अ, ब, क, ड असे लावले. अ म्हणजे कायम ठेवायचे, ड म्हणजे वर्षभराने नष्ट करायचे. कित्येक वर्षांची धूळ उडाली. कारकून मास्क लावून बसले, कोविडच्या कितीतरी आधी. कामं झाली. मग साहेब निवृत्त झाले आणि गठ्ठे पुन्हा बांधले जाऊ लागले.

दोन्ही वेळा कामं का झाली? कारण कुणीतरी मोजत होतं. संडास मोजायला दिल्लीची माणसं आली, फायली मोजायला आयुक्त बसले. मोजणारा उठला, की फाईल बसते. म्हणून मग अभियानामागून अभियान : शंभर दिवस, मग दीडशे दिवस. कचेरीला रंग, जिन्यात कुंड्या, संकेतस्थळावर हसरा फोटो. पाच दिवसांचा आठवडा आला तेव्हा कामाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली, रोज पाऊण तास जास्त. तो पाऊण तास अजून आम्हाला कुठल्याच खिडकीवर भेटलेला नाही. बहुधा कुंड्यांना पाणी घालायला जातो.

आणि हे कुठल्या मुलखात? बेचाळीसनंतर ज्या सातारा जिल्ह्याने इंग्रजांना बाजूला सारून स्वतःचं प्रतिसरकार चालवलं, तिथे. येडेमच्छिंद्रच्या नाना पाटलांच्या त्या सरकारात गावोगावची न्यायदान मंडळं जमिनीचे तंटे मिटवायची. कुठल्याही क्षणी पोलिसांचा छापा पडेल अशा जागी बसून. शेजारच्या औंध संस्थानात तर १९३९ साली बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने आपले अधिकारच सोडले आणि कारभार गावपंचायतींकडे दिला. राजाने सत्ता सोडली, बाबूला खिडकी सोडवत नाही. औंध आज साताऱ्यात, त्याच संस्थानातली आटपाडी सांगलीत, आणि मार्च २०२२ नंतर दोन्हीकडचा कारभार गेला प्रशासकांकडे.

जतच्या सीमेवरच्या गावांनी मात्र युक्ती शोधली. पाण्यासाठी निवेदनं देऊन दमले, तेव्हा त्यांनी कर्नाटकात जायचा ठराव केला. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी त्या ठरावाचा हवाला देऊन या गावांवर दावा सांगितला. झालं! मुंबईला एका रात्रीत विस्तारित म्हैसाळ योजना आठवली, मंत्र्यांना जत नकाशावर सापडलं, कोट्यवधींचे आकडे बाहेर आले. त्या फायलीत त्रुटी निघाली नाही. 'मूळ प्रत जोडावी' असा शेराही कुणी मारला नाही. कारण जाब विचारणारा दुसऱ्या राज्याचा मुख्यमंत्री होता, त्याला 'उद्या या' म्हणता येत नाही.

आता प्रत्येक वारसनोंदीसाठी राज्य बदलायची धमकी देणं परवडणार नाही. तेवढी राज्यंही आपल्याकडे नाहीत. तेव्हा जो कुणी निवडून येऊन सभागृहात बसतो, त्याला एकच विनंती. सत्कार, बुके, लेटरहेड, गाडीवरचा बोर्ड हे सगळं जरूर करा, हौसेला मोल नसतं. पण पहिल्या सभेत एवढंच विचारा : कुठली फाईल, कुणाच्या टेबलावर, किती दिवस? नावासकट यादी मागा. यादी द्यायला सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त लागले, तर त्या यादीतलं पहिलं नाव कुणाचं, ते वेगळं विचारावं लागणार नाही.