ड्यूटीवाल्यांचं चालणं

"काहून जी वहिनी, भाऊ आज दिवसाढवळ्या झोपले का?"

कुंपणापलीकडून ताईंनी विचारलं खरं, पण उत्तर त्यांना आधीच ठाऊक होतं. आमच्या दारातले बूट कोणत्या तोंडानं ठेवलेत, यावरून ह्यांची गाडी आली की जायची आहे, हे त्या ओळखतात.

"रात्री दुर्गकडून मालगाडी घेऊन आले. आता संध्याकाळपर्यंत हाक मारायची सोय नाही."

"अन् ते चालायचं? मेडिकलमध्ये शुगर निघाली होती ना?"

"चालले ना थोडे दिवस. मग एका पहाटे सुभाष गार्डनला जायला बूट घातले, अन् कॉल आला. त्याच बुटांनी ड्यूटीच्या लॉबीत गेले."

ताई हसल्या. त्या स्वतः स्टाफ नर्स. आठवड्याला पाळी बदलते. "माझं काय वेगळं आहे? मॉर्निंग असली तं अंधारात उठून डबे करा. नाइट असली तं घरी येऊन डबे करा. अन् वरून लोक म्हणतात, सिस्टर, तुम्ही तं दिवसभर चालूनच राहता! वॉर्डातलं चालणं म्हणजे दहा पावलं चाला, थांबा, वाका, कोणी हाक मारली की पळा. पाय सुजतात, पण छातीले काही काम मिळत नाही."

मग विषय गेला कोपऱ्यावरच्या रिटायर्ड सरांवर. जाणारच. सर रोज पहाटे पाचला काठी घेऊन निघतात आणि वाटेत भेटेल त्याला ऐकवतात की दिवस सगळ्यांना चोवीस तासांचाच असतो, वेळ काढावा लागतो.

"वेळ काढावा लागते!" ताईंनी सरांचीच नक्कल केली. "पाचला निघतात, मग साडेचारचा चहा कोण ठेवते? आले की पोहे कोण करते? काकूले कधी गार्डनमध्ये पाहिलं तुम्ही?"

नाही पाहिलं. इतकी वर्षं शेजारी राहून हे डोक्यात कधी आलंच नव्हतं. मग बोलणं पुन्हा ह्यांच्या बसून करायच्या नोकरीवर आलं.

"आमाले ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट सांगितली होती," ताई कपडे झटकत म्हणाल्या. "लंडनच्या डबलडेकर बसची. डॉक्टर मॉरिस म्हणून होते. त्यांनी ड्रायव्हर अन् कंडक्टर यांचं मोजलं. 1953 साली छापून आलं. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिन्यानं वर-खाली. हार्टचा त्रास ड्रायव्हरले जास्त."

"म्हणजे आमच्या ह्यांचीच कुंडली!"

"थांबा ना. मग त्यांनीच युनिफॉर्मची मापं काढली. तं ड्रायव्हरच्या पँटी नोकरीले लागतानापासूनच ढगळ! म्हणजे सगळा दोष बसण्याचाच नाही. जाडे लोक आधीच ड्रायव्हर झाले असतील. तरी जिन्याची गोष्ट खोटी ठरली नाही, बरं."

शिवाय ह्यांच्या नोकरीत मालगाडीला वेळापत्रक नसतं. लिंकची, म्हणजे ठरल्या पाळीची, गाडी असली तर निदान कधी घरी यायचं ते कळतं. मालगाडीचा कॉल मध्यरात्री येतो नाहीतर जेवणाच्या ताटावर. अशा माणसाला 'रोज सकाळी सहाला चाला' असं सांगून काय उपयोग? दुसऱ्या दिवशी चुकतं, तिसऱ्या दिवशी लाज वाटते, चौथ्या दिवशी बूट माळ्यावर जातात.

ताईंनी त्यावर साधा नियम काढलाय. चालणं घड्याळाला बांधायचं नाही, झोपेला बांधायचं. रात्रपाळी करून आलं की आधी झोप, व्यायाम नाही. डोळे चुरचुरत असताना रस्त्यावर चालणं म्हणजे दुखणं विकत घेणं. झोप झाली, मग दुपारचे चार असोत की रात्रीचे आठ, उठल्यावर चहाआधी अर्धा तास बाहेर. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सूर्य बुडाल्यावरच. झोपायच्या तोंडावर दमवणारा व्यायाम नको. ज्याला शुगर आहे त्यानं जेवल्यावर दहा मिनिटं फेऱ्या मारायच्या, जेवणानंतर चढणारी साखर त्यानं कमी चढते.

"अन् किती करायचं?" मी विचारलं.

"आठवड्याले दीडशे मिनिटं. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता नाही आलं पाहिजे, इतक्या जोरानं. अन् दोन दिवस हातापायाले ताकदीचं काम. आधी म्हणत, एकावेळी दहा मिनिटं तरी सलग पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये ती अट काढून टाकली. म्हणजे तीन मिनिटं जिना चढला तं तो पण हिशोबात."

हे मला फार आवडलं. ह्यांना सांगितलं तर रनिंग रूममध्ये, म्हणजे बाहेरगावच्या मुक्कामाच्या खोलीतही, जमेल. कॉल यायच्या आधी खाटेशेजारी सतरंजी टाकून सूर्यनमस्कार घालता येतात. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा एवढा प्रसार केला, त्याचं कारण हेच असावं. ना मैदान लागतं, ना सोबती, ना फी.

तेवढ्यात समोरच्या बिडीवाल्या मावशींनी आवाज दिला, "माझ्यासाठी पण सांगा काहीतरी!" मावशी ओट्यावर असतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात तेंदूची पानं, पत्र्याचा फर्मा आणि कैची. मजुरी हजार बिड्यांच्या हिशोबानं, म्हणून उठलं की पैसे गेले. पाऊस लागला की त्याच मावशी धानाच्या रोवणीला जातात, तेव्हा दिवसभर बांधीत वाकून. म्हणजे आठ महिने गुडघे मोडायचे आणि उरलेले दिवस कंबर.

"मावशी, प्रत्येक कट्टा बांधला की उभं राहायचं," ताई म्हणाल्या. "हात वर, टाचा वर, मग बसा. कट्टा तं बांधावाच लागते ना?"

मावशींना पटलं की नाही कळलं नाही, पण त्या उठून उभ्या राहिल्या. एवढंही आमच्या गल्लीत पुष्कळ झालं.

"तुमचं कसं जमलं?" मी ताईंना शेवटी विचारलं. कारण हल्ली त्या संध्याकाळी पंजाबी ड्रेस घालून रिंग रोडकडे जाताना दिसतात आणि गल्लीत त्यावर बरीच चर्चा झालेली आहे.

"माझं जमलं कारण पोट्टा कुकर लावते. तुमचे भाऊजी भाजी चिरतात. पहिले आठ दिवस भात कच्चा होता, वरण पाणीच पाणी. खाल्लं. सासूबाई म्हणाल्या, पोट्ट्याची दहावी आहे, त्याले कशाले कामाले लावते? मी म्हटलं, शिट्ट्या मोजल्यानं गणित सुधारेल." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "नवरात्रात डोंगरगडले देवीच्या दर्शनाले गेलो. हजाराच्या वर पायऱ्या. मी वर, भाऊजी रोपवेच्या रांगेत!"

सरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. दिवस सगळ्यांना चोवीस तासांचाच, पण त्यातला मोकळा अर्धा तास त्यालाच मिळतो ज्याचा चहा कुणी दुसरं ठेवतं. तेव्हा फ्रिजवर ड्यूटीचं जे वेळापत्रक चिकटवाल, त्यातच लिहून टाका, कोणत्या दिवशी कोण चालायला जाणार आणि त्या दिवशी कुकर कोण लावणार. दुसरं नाव कोरं राहिलं, तर पहिलं लिहून काही उपयोग नाही.