संचालक

आमच्या हरिशंकरपुरमात कवितेचा श्रोता मी एकटाच आहे. बाकीचे सगळे कवी आहेत असं नव्हे. पण जे कविता करत नाहीत ते ऐकायलाही येत नाहीत, आणि जे ऐकायला येतात त्यांच्या खिशात पूर्वी घडी घातलेला कागद असे, आता मोबाइल असतो. माझ्या खिशात फक्त सुपारी. त्यामुळे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी चारच्या सुमारास माझा फोन वाजतो.

"भाऊसाहेब, आज चालायचं ना?"

चालायचं म्हणजे जायचं. दौलतराव शिंद्यांच्या फौजेनं १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तंबू ठोकले, त्या छावणीचं लश्कर नावाचं शहर झालं, आणि आमची मराठी तेव्हापासून हिंदीच्या ओसरीवर बसलेली आहे. दोनशे वर्षांत शेजारणीचे चार शब्द पदराला लागणारच. पुण्याचे पाहुणे ऐकून हसतात. हसोत. त्यांच्या मराठीत इंग्रजी किती, ते आम्ही मोजत नाही.

फोनवरचा आवाज संचालकांचा. त्यांना खरं नाव आहे, पण ते विजेच्या बिलावर. एरवी त्यांच्या घरातल्या नातवापासून कोपऱ्यावरच्या कचोरीवाल्यापर्यंत सगळे त्यांना संचालकच म्हणतात. हिंदीत कविसंमेलन चालवणारा तो संचालक. आपल्या सूत्रसंचालकातलं सूत्र नर्मदेच्या अलीकडे येता येता कुठंतरी गळालं. यातून एकदा मोठा घोटाळा झाला. त्यांच्या भाचीच्या लग्नात सांगलीकडच्या व्याह्यांशी कोणीतरी ओळख करून दिली, "हे आमचे संचालक." व्याही ताडकन उठले, स्वतःची खुर्ची पुढे केली आणि अदबीनं म्हणाले, "कुठल्या बँकेचे?" संचालकांनी खरं सांगितलं. व्याह्यांनी खुर्ची परत घेतली नाही, पण पंगतीत ते चार पानं पलीकडे बसले.

पेन्शन मात्र त्यांना कवितेची नाही, एजी ऑफिसची आहे. झाशी रोडवरच्या त्या कचेरीनं आमच्या भागातल्या कित्येक मराठी घरांना दोन पिढ्या जेवायला घातलं. संचालकांनी तिथं पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासले आणि आता दुसऱ्यांच्या कविता तपासतात. सवय तीच. बैठकीला येताना त्यांच्या काखेत लाल कापडाच्या पुठ्ठ्याचं रजिस्टर असतं. त्यात रकाने आखलेले: कवीचं नाव, भाषा, सुरू केल्याची वेळ, संपवल्याची वेळ, 'वाह' किती, चहा किती. शेवटचा रकाना 'आक्षेप'. मी एकदा चोरून पाहिलं. एका मान्यवर गझलकारासमोर लिहिलं होतं: "काफिया दुसऱ्या शेरात सुटला. खुलासा मागवावा." आणि खाली दोन महिन्यांनंतरच्या शाईत: "खुलासा समाधानकारक नाही. पॅरा कायम."

बैठक उन्हाळ्यात गच्चीवर भरते, कारण पंचेचाळीस अंशांचा दिवस सोसल्यावर खोलीत बसून दुसऱ्याची विरहकविता ऐकणं माणसाला शक्य नाही. थंडीत ती कोणाच्या तरी दिवाणखान्यात, गुडघ्यांवर रजया घेऊन. टाळी वाजवायला हात बाहेर काढावे लागतात, त्यामुळे पौष महिन्यात कोणाचीच कविता फारशी गाजत नाही. कोजागिरीला दूध आटेपर्यंत वाचायचं असतं. तेवढ्या रात्री मराठी कवितांना अग्रक्रम आणि केशर दुधात.

सुरुवात ठरलेली. संचालक माइक हातात घेतात, त्याच्यावर दोन टिचक्या मारतात आणि ग्वाल्हेरची वंशावळ सुरू होते. तानसेनापासून. मग राजकवी भा. रा. तांबे, ज्यांनी १९४१ साली याच शहरात डोळे मिटले. मग व्हिक्टोरिया कॉलेज, तिथं शिकवणारे जाँनिसार अख्तर, तिथं शिकलेले अटलबिहारी वाजपेयी. मग याच शहरात वाढलेले निदा फाजली. मग १९६१ चं साहित्य संमेलन, जे इथं ग्वाल्हेरात भरलं आणि ज्याच्या अध्यक्षस्थानी कुसुमावती देशपांडे होत्या. "त्या खुर्चीत बसलेल्या पहिल्या बाई! आणि ती खुर्ची कुठं होती? इथं!" असं म्हणून ते नकळत जमिनीकडे बोट दाखवतात आणि पुढच्या रांगेतली माणसं पाय आवरून घेतात. एवढी मोठी माणसं ओळीनं उभी करून झाल्यावर ते म्हणतात, "तर या परंपरेतले आपले आजचे पहिले कवी..." आणि बारावीतला एक मुलगा थरथरत उठतो.

मी त्यांना म्हटलं होतं, संचालकसाहेब, ही ओळख जरा हलकी करा, पोरगं दबून जातं. ते म्हणाले, "दबू द्या. दबलं की लवकर संपवतं."

कवी वेळेवर संपवत नाही, ही त्यांच्या आयुष्यातली मध्यवर्ती अडचण. पाच मिनिटं हा नियम. पण पाच मिनिटं कवितेची, की कवितेआधीच्या पार्श्वभूमीची, यावर एकमत नाही. एक गृहस्थ आहेत, त्यांच्या चार ओळींच्या कवितेला सात मिनिटांची पार्श्वभूमी असते, आणि तिच्यात त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन दर वेळी येतं. एक बाई "बस, ही शेवटची" म्हणून तीन वाचतात आणि तिन्ही शेवटच्या वाटतात, इतक्या उदास. एक तरुण कविता पाठ म्हणतो, पण डोळे मिटून, त्यामुळे त्याला खुणा दिसत नाहीत. संचालकांनी सगळ्यांवर उपाय काढलेत. उदास बाईंसमोर ते चहाचा कप नेऊन ठेवतात. चहा निवतोय हे दिसलं की कुठलीही मराठी बाई काव्यातून बाहेर येते. गुडघेवाल्यांच्या मागे जाऊन उभे राहतात आणि त्यांनी श्वास घेतला रे घेतला की "क्या बात है!" म्हणून टाळ्या सुरू करतात. माणूस टाळ्यांमध्ये बोलू शकत नाही. नमस्कार करून खाली बसतो. मिटल्या डोळ्यांच्या तरुणासाठी दिवा घालवून पाहिला, उपयोग झाला नाही.

त्यांचे आदर्श उर्दू मुशायऱ्यातले. मलिकजादा मंजूर अहमद आणि अन्वर जलालपुरी यांची नावं काढली की संचालक कानाच्या पाळीला हात लावतात, गवई गुरूचं नाव घेताना लावतो तसा. हे दोघं नाजिम म्हणून, म्हणजे मुशायरा चालवणारे म्हणून, देशभर प्रसिद्ध होते. "लोक शायराला ऐकायला यायचे ते यायचेच, पण दोन शायरांच्या मधल्या जागेसाठीही यायचे," असं संचालक सांगतात. मराठीतही विंदा, बापट आणि पाडगावकर या तिघांनी गावोगाव कविता म्हणून दाखवल्या आणि लोकांना तिकीट काढून कविता ऐकायची सवय लावली. रामदास फुटाण्यांनी निवेदन करता करता माणसं हसवली. "पण आपल्या वसाहतीत मधली जागा म्हणजे लोक बाथरूमला जातात ती," हे मात्र ते खालच्या आवाजात सांगतात.

भाषेचा वाद दर वर्षी एकदा होतो. कोणीतरी ज्येष्ठ उठून म्हणतात, निम्म्या कविता हिंदी, मग ही मराठी मंडळींची बैठक कशी? संचालक तयारच असतात. गजानन माधव मुक्तिबोधांना ते पुढे करतात. १९१७ साली ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपुरात जन्म, घरात मराठी, लेखणी हिंदी. आणि सख्खा भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध, तो मराठीतला कवी. "एका आईच्या दोन मुलांनी दोन भाषा वाटून घेतल्या. भांडण झालं का? मग तुम्ही का भांडता?" भांडण झालं होतं की नाही ते कोणालाच ठाऊक नसल्यामुळे ज्येष्ठ खाली बसतात.

दोन वर्षांपूर्वी बंगळूरहून सुटीला आलेल्या एका मुलानं त्यांच्या डोक्यात 'स्लॅम' घातलं. शिकागोत मार्क स्मिथ नावाच्या बांधकाम मजुरानं १९८० च्या दशकात एका बारमध्ये कवितांचा सामना सुरू केला. कवीनं तीन मिनिटांत म्हणायचं, आणि श्रोत्यांतूनच उचललेल्या पाच परीक्षकांनी दहापैकी गुण द्यायचे. हल्ली ज्याला स्पोकन वर्ड म्हणतात त्याचं हे एक मोठं माहेर. संचालकांना यात नवल वाटलं ते एवढंच, की मजुरानं वेळेचा नियम पाळून घेतला. बाकी कविता गाऊन न म्हणता नुसती बोलून दाखवायची, तर त्याला आमच्याकडे केव्हापासून 'तहत' म्हणतात. तरीही आपण करून पाहू म्हणाले. नियम वाचला: परीक्षक श्रोत्यांतून घ्यायचे. सगळ्यांची मान माझ्याकडे वळली. मग पाचही परीक्षकांचं काम मी एकट्यानं केलं. मला याच वसाहतीत राहायचं आहे, म्हणून मी प्रत्येकाला आठ गुण दिले. त्या महिन्याच्या 'आक्षेप' रकान्यात माझं नाव आहे: "परीक्षकाने सरसकट समान वाटप केले. हेतू संशयास्पद."

आता त्यांच्या स्वतःच्या कवितेविषयी. ती आहे. एकच आहे, निदान ऐकवण्याजोगी एकच. तिचे दोन अवतार: नातेवाइकांसाठी मराठी आणि मंचासाठी हिंदी. मुशायऱ्याची रीत अशी की नवखे आधी, उस्ताद शेवटी, आणि सर्वांत शेवटचं स्थान सर्वांत मानाचं. संचालकांनी हा नियम स्वतःला लावून घेतला. पण मुशायऱ्यात लोक उस्तादासाठी पहाटेपर्यंत थांबतात. हरिशंकरपुरमात साडेदहाला कुकरची आठवण होते. आपापली कविता वाचून झालेला कवी पाच मिनिटं सभ्यतेची बसतो आणि चपला शोधायला लागतो. मान शेवटी येतो आणि माणसं आधी जातात. संचालक उभे राहून घसा साफ करतात तेव्हा गच्चीवर तीन जण उरलेले असतात. एक साउंडवाला, वायर कोपराभोवती गुंडाळत. एक सतरंजी झटकणारा पोरगा. आणि मी.

म्हणून ती कविता मला पाठ आहे. वसाहतीतल्या बंद घरांवर आहे. मुलं पुण्याला, बंगळूरला, त्याही पलीकडे गेली. म्हातारी माणसं त्यांच्या मागून गेली किंवा वर गेली. दिवाळीत एखाद्या दाराचं कुलूप निघतं. तिच्यात एक ओळ आहे: "ताले ने पूछा, आपको किससे मिलना है?" ओळ मला बरी वाटते. पण सतरंजीची धूळ नेमकी तिथंच उडते आणि मला शिंक येते. चाळीसेक वेळा ऐकली, एकदाही वाह म्हणता आलं नाही.

गेल्या माघात संचालकांचा घसा बसला. डॉक्टरांनी पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही म्हणून बजावलं. हजिऱ्याला तानसेनाच्या समाधीपाशी चिंचेचं झाड आहे, त्याचा पाला खाल्ला की गळा गोड होतो अशी इथली श्रद्धा. तीही करून झाली. तोंड आंबलं, आवाज आला नाही. त्या शनिवारी संचालन बंगळूरवाल्या मुलानं केलं, आणि संचालक मफलर गुंडाळून माझ्या शेजारी येऊन बसले. आमची श्रोत्यांची संख्या एका रात्रीत दुप्पट झाली.

त्यांना बसता येत नव्हतं. ओठ हलत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हे सगळ्यांच्या कविता म्हणताहेत. गुडघेवाल्यांची पार्श्वभूमीसुद्धा. इतकी वर्षं मी स्वतःला एकमेव श्रोता समजत होतो. हे रजिस्टरात वेळ लिहिता लिहिता सगळं ऐकत आले होते.

मग बारावीतला तो मुलगा उठला, आता तो कॉलेजात आहे. छान चाललं होतं. कविता घर या विषयावरच होती. आणि मध्येच त्याचा मोबाइल बंद पडला. काळा पडदा. मुलानं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, वर पाहिलं. खोलीत शांतता. नवा संचालक घड्याळाकडे बघतोय.

आमच्या संचालकांनी रजिस्टरचं एक पान फाडलं. पस्तीस वर्षं सरकारी कागद जपलेल्या माणसानं पान फाडलं. त्यावर घाईघाईनं काही लिहिलं आणि हातोहात पुढे पाठवलं. मुलगा ते डोळ्यांजवळ नेऊन, अक्षर लावत लावत म्हणाला, "ताले ने... पूछा... आपको किससे मिलना है?"

त्या अडखळण्यानं ओळ अशी काही पोचली की रजयांतून हात बाहेर आले. "वाह! मुकर्रर!" उदास बाईंनी चहा खाली ठेवला. मुलानं ती पुन्हा म्हटली, या खेपेस न अडखळता, आणि जणू आपलीच असल्यासारखा झुकून आदाब केला.

मी संचालकांकडे वळून पाहिलं. चुकून, की मुद्दाम? विचारून उपयोग नव्हता, त्यांना बोलायची मनाई होती. त्यांनी मांडीवरचं रजिस्टर उघडलं, मुलाच्या नावापुढच्या 'वाह'च्या रकान्यात अकरा लिहिलं, थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं, आणि 'आक्षेप'चा रकाना कोरा सोडून माझ्यापुढे गजकेचा डबा सरकवला.