पब्लिशिंगवाले सर

जालन्याच्या एमआयडीसीतून सळया कितीही सरळ निघोत, प्रत्येक ऑफिसात एक गृहस्थ असा असतोच, की ज्याला सरळ काम करवत नाही. तो बहुधा ईडीपीत असतो. आमच्या मराठवाड्यात समोर कॉम्प्युटर असलेल्या कोणालाही 'सर' म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे तोही सर.

सरांचं मूळ लग्नपत्रिकेत सापडतं. जुन्या जालन्यातल्या छापखान्यात पेजमेकर आणि श्रीलिपीवर त्यांनी उमेदीची वर्षं घालवलेली. गणपती किती इंच, 'आमचे येथे' कुठून सुरू, आत्याबाईंचं नाव कोणत्या ओळीत, यावरून भावकीत होणारी भांडणं त्यांनी फाँटचा आकार कमीजास्त करून मिटवलेली. पुढे पत्रिका व्हॉट्सॲपवर गेली आणि सर कारखान्यात आले.

कारखान्यात शेअरपॉइंटची टीम साइट, म्हणजे ऑफिसातल्यांसाठीची आतली वेबसाइट, होती. रोजचा भाव, डिस्पॅचचा तक्ता, सुट्ट्यांची यादी. लोक उघडत, बघत, बंद करत. सरांना हे बघवेना. "नुसता मजकूर! ह्याला काय पान म्हणतेत?" मग ते सेटिंग्जमध्ये शिरले.

तिथे त्यांना 'पब्लिशिंग' सापडलं, म्हणजे साध्या पानाला लेआउट आणि मंजुरी देणारी सोय. ती सुरू करायचा एक क्रम असतो. आधी वर, साइट कलेक्शनच्या फीचरांत 'पब्लिशिंग इन्फ्रास्ट्रक्चर' ॲक्टिव्हेट करायचं. मग खाली आपल्या साइटवर 'पब्लिशिंग'. उलटं केलं तर साइट ऐकत नाही. वरची चावी हेड ऑफिसकडे होती. सरांनी अंबडकडून मोसंबीची एक गोणी मुंबईला रवाना केली. जालन्याच्या मोसंबीला जीआय मानांकन आहे ते उगीच नाही. आठवड्यात सर साइट कलेक्शनचे ॲडमिन झाले.

दोन बटणं दाबली आणि साइटचा संसार वाढला. पानांची वेगळी लायब्ररी, चित्रांची वेगळी, स्टाइलची आणखी वेगळी. शिवाय नवे गट: ॲप्रूव्हर्स, डिझायनर्स, हायरार्की मॅनेजर्स. डिझायनर्समध्ये सरांनी स्वतःचं नाव घातलं. डिस्पॅचच्या क्लार्कला 'हायरार्की मॅनेजर' केलं, तर त्या बिचाऱ्याने घरी फोन करून बढतीचे पेढे आणायला सांगितले. त्याचं काम मेनूतल्या लिंका वरखाली करायचं आहे, हे पेढे वाटून झाल्यावर कळलं.

आता लेआउट. तयार साच्यांत 'डावीकडे चित्र' हा सरांचा लाडका. त्यात चित्राची जागा असते, तारखेची असते आणि बायलाइनचीही असते. सर कुठलीच जागा रिकामी सोडत नाहीत. सोडली तर छापखान्यातला मालक अजून स्वप्नात येऊन ओरडतो म्हणे. त्यामुळे 'कँटीनमागचा नळ दुरुस्तीसाठी बंद' ही सूचना मोती तलावावरच्या सूर्यास्ताच्या फोटोसह, फोटोखालच्या ओळीसह आणि सरांच्या बायलाइनसह झळकली. नळ दुपारीच सुरू झाला. पान आठ दिवस तसंच होतं, कारण त्याच्या बॉर्डरचं काम चालू होतं.

शोभेपुरतं राहिलं असतं तर कोणाची तक्रार नव्हती. सरांनी लायब्ररीच्या सेटिंगमध्ये जाऊन मंजुरी सक्तीची केली आणि चेक-आउटही. म्हणजे पान एकाने हातात घेतलं की दुसऱ्याने शिवायचं नाही, आणि त्याने परत ठेवलं तरी मोठ्यांनी 'हो' म्हटल्याशिवाय ते लोकांना दिसायचं नाही. मंजुरी देणारे अर्थात शेठजी. लोखंडाचा भाव सकाळचा दुपारी राहत नाही, आणि शेठजी चतुर्थीला राजूरच्या गणपतीच्या रांगेत. नवा भाव मंजुरीसाठी अडकला. अशा वेळी साइट रिकामी दिसत नाही, मागचं मंजूर पान दाखवत राहते. त्यामुळे दिवसभर कालच्या भावाने माल गेला.

शेठजी आल्या आल्या कडाडले, "कामून केलं हे?"

सरांनी शांतपणे व्हर्जन हिस्टरी उघडली. "9.40 ला मी सबमिट केलं, शेठजी. तेव्हापासून तुमच्याकडंच पेंडिंग हाये."

असं उत्तर हातात ठेवून भांडणारा नोकर कोणत्याही मालकाला परवडत नाही. शेठजी पाणी प्यायले. मला विचाराल तर त्या सगळ्या थाटमाटात हा इतिहासच तेवढा पैसे वसूल करणारा होता. कोणी, कधी, काय बदललं हे एरवी कारखान्यात देवालाही सांगता येत नाही.

"बंद करून टाक सगळं."

"बंद होतं, शेठजी. पण लायब्ऱ्या, पानं, गट तसेच राहतेत."

मग दुसऱ्या युनिटनेही अशीच साइट मागितली. पूर्वी साइट टेम्पलेट म्हणून जतन करता यायची. पब्लिशिंग सुरू झालं आणि ती सोय सेटिंग्जमधून गायब झाली. सरांनी हे अपयश मानलं नाही. "अस्सल मालाची कॉपी निघत नसते," असं त्यांनी लेखी कळवलं. त्या पत्रालाही बॉर्डर होती.

मध्यंतरी त्यांनी भावाचं पान चेक-आउट केलं आणि परतूरला मेहुण्याच्या लग्नाला गेले. तिथे पत्रिकेतल्या जोडाक्षरांवरून त्यांचं छापणाऱ्याशी वाजलं आणि मुक्काम वाढला. इकडे पान त्यांच्या नावावर कुलूपबंद. ते कुलूप ॲडमिनला तोडता येतं, पण ॲडमिन तेच.

तेव्हापासून रोजचा भाव हायरार्की मॅनेजर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एका ओळीत टाकतो. फोटो नाही, बायलाइन नाही. ट्रकवाले, दुकानदार, शेठजी सगळे तिथेच बघतात. सर परत आले, ग्रुप पाहिला, काही बोलले नाहीत. फक्त रोज त्या ओळीखाली ते 'ॲप्रूव्ह्ड' असं लिहितात आणि पुढे स्वतःचं नाव टाकतात, ठळक अक्षरात.