म्हातारीच्या बुटाला पंधरा मिनिटं

दाजींनी एकदिवसीय मुंबई दर्शनाचा तक्ता कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला आहे. तक्ता रंगीत आहे. ठिकाणं हिरवी, वेळा लाल, सूचना जाड ठशात. ठिकाणं बावीस आणि त्यांतल्या एकवीस ठिकाणांपुढे एकच आकडा आहे : १५ मिनिटे. गेटवे ऑफ इंडिया, १५ मिनिटे. महालक्ष्मी, १५ मिनिटे. वस्तुसंग्रहालय, १५ मिनिटे. म्हातारीचा बूट, १५ मिनिटे. बाविसाव्या ठिकाणाचं नंतर बघू. शेवटी तळटीप : वेळ उरल्यास घारापुरी.

घारापुरीला गेटवेवरून बोटीनं जायला तासभर लागतो, यायला तासभर. उतरल्यावर शंभरावर पायऱ्या चढायच्या, मग लेणी, मग आत वीसेक फुटांची त्रिमूर्ती. दाजींनी ते अख्खं बेट कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीसारखं धरलं आहे. जाता जाता जमलं तर जमलं.

पण दाजींचं गणित चुकलेलं नाही. एकवीस गुणिले पंधरा, अधिक बाविसाव्याची तीस, म्हणजे पावणेसहा तास. सकाळी सातला सुरुवात. पावणेएकला मुंबई संपते. एवढा दिवस हातात उरल्यावर माणूस बेटावर जाणार नाही तर काय करणार?

भाच्यानं गटावर विचारलं, "दाजी, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचा वेळ कुठं धरलाय?"

दाजींचं उत्तर लगेच आलं, "त्या पंधरातच आहे."

याला आधार आहे. रात्री साडेअकराला मिरजेत पलंगावर बसून त्यांनी मोबाइलवर नकाशा उघडला, तेव्हा सायन ते कुलाबा रस्ता मोकळा दिसत होता. नकाशा त्या क्षणाची वाहतूक दाखवतो, आपण जाणार त्या वेळची नाही, एवढं सांगायला कोणी गेलं नाही. दाजींना सांगायला कोणी जात नाही. नोकरीत असताना त्यांनी जन्मभर तपासण्या केल्या. एका तपासणीला पंधरा मिनिटं, त्यातच चहा. तेव्हापासून समोर येईल त्या गोष्टीची ते तपासणीच करतात. गेटवे आहे का? आहे. जागेवर आहे का? आहे. चला, गाडीत बसा.

आता त्या गेटवेचंच घ्या. पायाचा दगड बसला १९१३ च्या मार्चमध्ये, उद्घाटन झालं १९२४ च्या डिसेंबरमध्ये. १९४७ च्या ऑगस्टात राज्य गेलं, तरी इंग्रजांची शेवटची पलटण या कमानीतून बाहेर पडली २८ फेब्रुवारी १९४८ ला. म्हणजे साम्राज्य गुंडाळून झाल्यावरही त्यांना इथून हलायला सहा महिन्यांच्या वर लागले. दाजी म्हणतात, नियोजन नव्हतं.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या इमारतीला १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं लागली. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ, घुमटावर प्रगतीची मूर्ती, भिंतींवर दगडात कोरलेली पानं आणि प्राणी. युनेस्कोनं २००४ मध्ये ती जागतिक वारशात घेतली. दाजींनी ती 'गाडीतून' या सदरात घेतली आहे. पुढे सूचना : इमारत डाव्या हाताला येईल, उजवीकडे बसलेल्यांनी परतीच्या वेळी पाहावी. परतीचा रस्ता दुसरा आहे, हे तक्त्यातच दोन ओळी खाली लिहिलंय.

वस्तुसंग्रहालयात पन्नास हजारांवर वस्तू आहेत. पंधरा मिनिटांचे सेकंद नऊशे. म्हणजे सेकंदाला पंचावन्न वस्तू पाहायच्या, त्याही तिकिटाची रांग शून्य धरून. सगळ्या वस्तू एका वेळी मांडत नाहीत म्हणून बरं, नाहीतर मानेचा पट्टा बरोबर न्यावा लागला असता. हाजी अलीला जाणारी समुद्रातली वाट मोठ्या भरतीला पाण्याखाली जाते. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज पाऊणएक तासानं पुढं सरकते. दाजींनी अकरा वाजून दहा मिनिटं ही वेळ पक्की केली आहे. चंद्राला कळवलंय का, हे विचारायचं राहून गेलं.

या पंधरा मिनिटांत प्रत्यक्षात काय होतं, हे असल्या सहलीला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गाडी थांबते. थांबते म्हणजे हळू होते, कारण थांबायला जागाच नसते. चालक म्हणतो, "इथं उभी करू देत नाहीत, तुम्ही उतरा, मी चक्कर मारून येतो." चौदा माणसं चालत्या-थांबत्या गाडीतून उतरतात, त्यांत चार मिनिटं जातात. मग डोकी मोजायची. तेरा भरतात. चौदावं डोकं मोजणाऱ्याचं स्वतःचं असतं, हे लक्षात यायला दोन मिनिटं. मग फोटो. उंच मागं, पोरं पुढं, सूनबाई कडेला. दाजी मधे, कारण नियोजन त्यांचं. फोटो काढणारा परका माणूस पकडून आणायचा, त्याला बटण दाखवायचं, त्यानं काढलेल्या फोटोत गेटवेच आला नाही म्हणून पुन्हा काढायचा, आत्याबाईंचे डोळे मिटले म्हणून पुन्हा, मधून फुगेवाला गेला म्हणून पुन्हा. मग प्रत्येकाच्या मोबाइलवर एकेक, कारण "तुझा फोटो तू पाठवत नाहीस." एवढ्यात चालकाचा फोन येतो की तो दुसरी चक्कर मारून आलाय आणि मागून पोलीस शिट्टी मारतोय. सगळे पळतात. पळताना धाकट्या पोराची चप्पल राहते. तिच्यासाठी थोरला परत जातो, थोरल्याला बघायला त्याची आई जाते, आणि गाडी तिसऱ्या चकरेला निघून जाते. एवढ्या वेळात कमानीकडे तोंड करून कोणी उभं राहिलेलं नसतं. फोटोत सगळे कमानीला पाठ करून उभे असतात. घरी गेल्यावर टीव्हीला मोबाइल जोडून गेटवे कसा होता ते पाहायचं, हाही कार्यक्रम दाजींनी दुसऱ्या दिवसासाठी लावून ठेवला आहे. त्यालाही पंधरा मिनिटंच.

आता बाविसावं ठिकाण. त्याला अख्खी तीस मिनिटं आहेत. 'सिनेनटांचे बंगले (फाटक).' दाजी प्रामाणिक आहेत, कंसात त्यांनी खरं तेच लिहिलंय. बंद फाटक, वर तारेचं कुंपण आणि खुर्चीत बसलेला पहारेकरी. त्रिमूर्तीला उरलासुरला वेळ, दहा वर्षं कोरलेल्या दगडाला गाडीची खिडकी, आणि पत्र्याच्या फाटकाला अर्धा तास. कारण काय? "कधीकधी बाहेर येतात." पहारेकरी येतो खरा, पण गाडी पुढं घ्या म्हणून सांगायला.

इथपर्यंत हसून घ्या, मीही हसलो. पण तक्ता तिसऱ्यांदा वाचताना त्यात एक गोष्ट कुठंच दिसली नाही. बावीस ओळी, सहा रकाने, तीन रंग, आणि कुठंही लघवीला जायला वेळ नाही. पंधरा मिनिटं नाहीत, पाच नाहीत, तळटीपही नाही.

सहलीला चौदा माणसं आहेत. त्यांत सात बायका. एकीला साखर आहे, एक पाच महिन्यांची पोटुशी आहे, एक नुकती वयात आलेली मुलगी आहे. आणि आजी आहेत, वय ऐंशीच्या पुढं. दाजींनी म्हातारीच्या बुटाला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि गाडीत बसलेल्या म्हातारीला एकही नाही. हे विसरून झालेलं नाही. दाजी काही विसरत नाहीत, त्यांनी टोपी, ओळखपत्र आणि उलटीच्या पिशव्यासुद्धा लिहिल्या आहेत. हे त्यांना कधी सुचलंच नाही, कारण दाजींचा स्वतःचा प्रश्न कोणत्याही भिंतीकडे तोंड केलं की सुटतो. आणि बायकांनी हा प्रश्न आपल्या परीनं फार पूर्वीच सोडवला आहे, म्हणून तो कोणाला दिसत नाही. त्या पाणी पीत नाहीत. सहलीच्या आदल्या रात्रीपासून पीत नाहीत. मेच्या उन्हात, समुद्राच्या दमट हवेत, दिवसभर, हातातली भरलेली बाटली पोरांना पाजत, स्वतः ओठ ओले करून. घरी आल्यावर ताप येतो, लघवीला जळजळ होते. मग सगळे म्हणतात, मुंबईचं पाणी बाधलं. अहो, न प्यालेलं पाणी कसं बाधेल?

शहराचीही गंमत नाही. जिथं रोज लाखो लोक कामाला येतात आणि हजारो लोक बघायला येतात, तिथं बाईनं विचारावं की स्वच्छतागृह कुठं आहे, तर माणसं आधी एकमेकांकडे बघतात आणि मग लांबवर हात करतात. तिथं जाऊन पाहावं तर एकाला कुलूप, दुसऱ्यात पाणी नाही, तिसऱ्याला कडी नाही. पुरुषाला मुतारी फुकट आणि बाईकडून सुट्टे पैसे, हा व्यवहार अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं चाललाय. पैसे घेणाऱ्याला विचारलं तर त्याला तो निसर्गनियमच वाटतो. बायकांची रांग दाराबाहेर गेली की पुरुष सावलीत उभे राहून घड्याळ बघतात आणि म्हणतात, "तुमच्यामुळं उशीर झाला." तुमच्यामुळं! चप्पल राहिली, चालकानं तीन चकरा मारल्या, फाटकासमोर अर्धा तास गेला, आणि उशीर झाला तो बायकांच्या मूत्राशयामुळं!

बसण्याचंही तसंच. मुंबईत फुकट बसायला मिळणारी सगळ्यात मोठी जागा म्हणजे मरीन ड्राइव्हचा कट्टा. साधारण साडेतीन किलोमीटर. तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही, कोणी उठ म्हणत नाही. आजींच्या गुडघ्यांसाठी या शहरानं मुद्दाम बांधून ठेवल्यासारखी ती एकच वस्तू आहे. तक्त्यात मरीन ड्राइव्हपुढं लिहिलंय : गाडी न थांबवता. तिची पंधरा मिनिटं सिग्नलसाठी राखून ठेवली आहेत.

तक्त्यात वार नाही, तारीख नाही. सोमवारी निघालात तर घारापुरीची लेणी बंद, बुधवारी निघालात तर राणीची बाग बंद, रविवारी निघालात तर लोकलला मेगाब्लॉक. दाजींना हे गटावर कळवलं. त्यांनी अंगठा दाखवला आणि तासाभरानं सुधारित तक्ता टाकला. त्यात तेविसावं ठिकाण आलंय : सी लिंक, १५ मिनिटे, खाली उतरून फोटो. त्या पुलावर गाडी थांबवायला बंदी आहे. पण दाजींनी पंधरा मिनिटं दिलीत म्हणजे दिलीत.

तेव्हा वाचकहो, तुमच्याही घरात एक दाजी असतीलच. त्यांच्या हातून मोबाइल काढून घ्या. एका दिवसात मुंबई पाहून होत नाही, तिथं जन्म काढलेल्यांचीही पाहून झालेली नाही. दोन ठिकाणं निवडा. घारापुरी हवी असेल तर सोमवार टाळून सकाळची बोट धरा, आल्यावर वस्तुसंग्रहालयाचं एखादं दालन नीट बघा आणि संध्याकाळी कट्ट्यावर बसा, दिवस भरला. कुठल्याही ठिकाणाचं नाव लिहिण्याआधी तिथलं बायकांचं स्वच्छतागृह कुठं आहे ते लिहा. सापडलं नाही तर ते ठिकाण खोडा, मग ते कितीही जागतिक वारशातलं असो. आणि यादी करायला घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला बसवा. ती जेवढं लिहील तेवढंच पाहून होणार आहे, बाकीचं लिहिलंत काय आणि न लिहिलंत काय.