सहलप्रमुख

सहलप्रमुख हा पुण्यातल्या बहुतेक मोठ्या कुटुंबांत आढळतो. एका कुटुंबात एकच असतो. दोन निघाले तर सहल निघत नाही. वय साधारण चाळीस ते साठ, नोकरी बँकेत, विमा कंपनीत, महावितरणात किंवा हिंजवडीत. त्याला कोणी निवडून दिलेले नसते. मुलांना एकदा मोठ्या उद्यानात राइड्सना न्यायला हवे, असा विषय जेवताना निघतो. बाकीचे ‘जाऊ की कधीतरी’ म्हणत आमटी वाढून घेतात आणि तो हात धुऊन भिंतीवरचे कालनिर्णय उतरवायला जातो. तेव्हाच त्याची नेमणूक झाली असे समजावे.

हा प्रकार फार जुना नाही. पेशवे पार्कात १९५६ साली फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी धावू लागली. अमेरिकेतले डिस्नेलँड त्याच्या आदल्याच वर्षी, जुलै १९५५ मध्ये उघडले होते, म्हणजे पुणे या बाबतीत फारसे मागे नव्हते. पण फुलराणीला नियोजन लागत नसे. वडील ऑफिसातून येत, चहा घेत, मुलांचे केस ओले करून भांग पाडला जाई; फुलराणीच्या फेऱ्या, सारसबागेची भेळ आणि दिवेलागणीनंतर थोड्या वेळात घरी. खरी गरज पडली ती १९८९ मध्ये मुंबईत गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झाल्यावर. पुण्याहून पहाटेची गाडी, दादरला उतरून लोकल, पुढे रिक्षा आणि शेवटी खाडी ओलांडायला बोट, असा तो प्रवास होता. इतकी वाहने बदलूनही ज्याने गोराईला नेलेली सगळी मुले परत आणली, त्याच्या शब्दाला घरात वजन आले ते कायमचेच. एस्सेल वर्ल्ड २०२२ मध्ये बंद झाले, त्याचे वजन मात्र उतरलेले नाही.

हल्लीच्या सहलप्रमुखाचे कार्यक्षेत्र घाटाखाली, खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला आहे. तिथे एप्रिल २०१३ मध्ये इमॅजिका सुरू झाले. पुढच्या काही वर्षांत शेजारी वॉटर पार्क आणि स्नो पार्कही आले. चित्रपट व्यवसायातले मनमोहन शेट्टी यांनी ते उभारले आणि २०२२ मध्ये ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेले. ही माहिती सहलप्रमुख सगळ्यांना दोनदा सांगतो, एकदा घरी आणि एकदा गाडीत. ‘संगमनेर म्हणजे आपल्याच बाजूचे’ हे वाक्य तो त्यात स्वतःचे घालतो. त्यामुळे तिकिटात फरक पडत नाही, पण पडायला हवा असे त्याचे मत आहे.

पहिले काम तारखेचे. एप्रिल-मे बाद, कारण घाटाखाली घामाच्या धारा लागतात. जून ते सप्टेंबर खोपोलीचा पाऊस. रविवारी गर्दी, आणि शाळा चालू असताना मधल्या वारी जायचे तर मुलांच्या आया तयार नसतात. पितृपक्षात रांगा लहान असणार हे त्याने केव्हाच ताडलेले असते, पण ते आजीपुढे बोलून दाखवण्याची हिंमत त्याच्यात नसते. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज उलटल्यावरचा एखादा मंगळवार किंवा बुधवार निघतो. त्यातही ठाण्याची बहीण असतेच. खोपोलीपर्यंत मुंबईची लोकल येते, पुण्याची नाही; त्यामुळे ठाणेकर आपल्या सोयीने येणार आणि पुणेकरांना थांबवणार, हे तो धरून चालतो. ठाणेकरही पुण्याबद्दल हेच धरून चालतात.

आजी सुरुवातीला ‘मला काय करायचेत ते पाळणे’ म्हणून हात झटकते. इथे सहलप्रमुख हुकमाचे पान टाकतो. अष्टविनायकांपैकी महडचा वरदविनायक खोपोलीजवळच आहे आणि उद्यानापुढे तोच रस्ता पालीच्या बल्लाळेश्वराला जातो. पुढच्या पाच मिनिटांत सहलीची यात्रा होते आणि आजी नातवंडांनाही सोबत घ्यायला परवानगी देते. खर्चाला आजोबांची मान्यताही याच वेळी मिळून जाते, ती वेगळी मागावी लागत नाही.

सहलप्रमुखाचे दोन पोटप्रकार आहेत. पेठेतला सहलप्रमुख आखीव वहीत लिहितो, रकान्यांना तांबड्या शाईने रेघा मारतो आणि उद्यानाचा नकाशा अप्पा बळवंत चौकातून लॅमिनेट करून आणतो. हिंजवडीतला एक्सेलची शीट करतो, तिची लिंक सगळ्यांना पाठवतो आणि ती कोणी उघडली नाही म्हणून फोन करतो. ‘सहल – फक्त कामाचे मेसेज’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप मात्र दोघेही काढतात. त्या ग्रुपवर पहिल्याच सकाळी मेहुणे गुलाबाच्या फुलासह सुप्रभात पाठवतात. सहलप्रमुख त्यांना खाजगीत समज देतो. मेहुणे अंगठा दाखवतात आणि दुसऱ्या दिवशी जास्वंद पाठवतात.

तिकीट हा नियोजनाचा गाभा आहे. अशा उद्यानांत मुलांचे तिकीट वयापेक्षा उंचीवर ठरते आणि मोठ्या राइड्सनाही उंचीचीच अट असते. म्हणजे पाचवीतला भाचा तिकिटासाठी बुटका हवा आणि राइडसाठी उंच, आणि हे दोन्ही एकाच दिवशी. मोजणी स्वयंपाकघराच्या दारात होते. भाच्याला चौकटीला पाठ लावून उभे करतात, टाचा टेकवतात, डोक्यावर स्टीलची फूटपट्टी आडवी धरतात आणि लाकडावर पेन्सिलीची खूण करतात. ‘इतका ताठ कशाला उभा राहतोस? तू काय संचलनाला चाललायस?’ भाचा खांदे पाडतो. टेप एक सेंटिमीटर जास्तच दाखवते. जेलने उभे केलेले केस हिशेबात धरायचे नसतात, असे सांगून केस दाबले जातात. खूण जिथल्या तिथे राहते.

यावर सहलप्रमुखाकडे शास्त्र असते. दिवसभर उभे-बसून राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या दबतात, त्यामुळे माणूस सकाळी उठतो त्यापेक्षा रात्री साधारण सेंटिमीटरभर बुटका होतो. झोपला की पुन्हा पूर्ववत. हे खरे आहे. म्हणून तिकिटासाठी भाच्याला रात्री साडेनऊला मोजतात आणि मोठ्या राइड्स मात्र सकाळच्या सत्रात टाकतात. उद्यानाच्या दारात मोजणी सकाळीच होणार, ही गोष्ट त्याच्या लक्षात रात्री अंथरुणात येते. तो उठून बसतो. ‘अहो, काढा ना पूर्ण तिकीट आणि झोपा,’ असे शेजारून ऐकू येते. पूर्ण तिकीट निघते, पण वहीत त्यापुढे ‘वादग्रस्त’ असा शेरा पडतो.

वॉटर पार्क घ्यायचे की नाही, यावर एक बैठक होते. पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे लागतात, हे कळल्यावर काकू आणि मोठ्या वहिनी ‘आम्ही काठावर बसू’ म्हणतात. काठावर बसायलाही तिकीट पडते, हे सहलप्रमुख दाखवून देतो. वॉटर पार्क रद्द होते.

खाण्याचा प्रश्न त्याहून नाजूक. बाहेरचे पदार्थ आत नेता येत नाहीत आणि दारात पिशव्या तपासतात. सहलप्रमुख कायदा मोडणाऱ्यांतला नाही. तो कायदा नीट वाचणाऱ्यांतला आहे. नियम दाराच्या आतला आहे, वाहनतळाचा नाही. त्यामुळे दार उघडण्याच्या पाऊण तास आधी टेम्पो ट्रॅव्हलर तिथे पोहोचते, डिकी उघडते आणि तिथे पंगत बसते. तिखटमिठाच्या पुऱ्या, दही घालून कालवलेली बटाट्याची भाजी, लसणाची चटणी, गुळाच्या दशम्या, बाकरवडी, आणि मुलांनी नको म्हटलेली केळी. ‘पोटभर खाऊन घ्या, आत पाण्याच्या बाटलीचा भाव विचारायची सोय नाही,’ असे बजावत तो प्रत्येकाला आणखी दोन पुऱ्या वाढतो. या पुऱ्यांचा पुढे रोलर कोस्टरशी संबंध येतो, पण ते नियोजनात धरलेले नसते.

प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. निघायची वेळ सहाची असते, कळवलेली साडेपाचची असते, आणि हे सगळ्यांना माहीत असल्याने गाडी पावणेसातला हलते. सहकारनगर, कोथरूड, बाणेर, वाकड असे करत माणसे गोळा होतात आणि किवळ्याला द्रुतगती मार्ग लागतो. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या खिडक्या आणि आवळासुपारी मिळते. घाटात सहलप्रमुख बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ साली झाल्याचे सांगतो आणि खोपोलीत टाटांचे १९१५ सालचे वीजकेंद्र दाखवतो. मुले कानात बोंडे घालून बसलेली असतात. ड्रायव्हर मात्र मन लावून ऐकतो.

आत गेल्यावर नियोजनाची खरी कसोटी लागते. सगळे लोक दारातून शिरले की समोर दिसेल त्या पहिल्या राइडच्या रांगेत उभे राहतात, म्हणून सहलप्रमुख आपली फौज सरळ शेवटच्या टोकाला नेतो. तिथे रांग लहान असते, हे त्याचे गणित बरोबर निघते. मात्र तिथवर झपाझप चालताना आजी, काकू आणि ठाण्याची बहीण वाटेत गळतात आणि त्यांना शोधण्यात तेवढाच वेळ जातो. रांगेचा हिशेबही तो तोंडी करतो. पुढे १६० माणसे, एका फेरीत २०, एका फेरीला ५ मिनिटे, म्हणजे ४० मिनिटे. ज्यादा पैसे भरून रांग टाळता येणारे तिकीटही असते, पण त्याला त्याचा तात्त्विक विरोध आहे. रांग ही रांग असते आणि पुण्याचा माणूस ती पैसे देऊन मोडत नाही, दुसऱ्याने मोडलेली चालवूनही घेत नाही. मागून घुसू पाहणाऱ्या एका तरुणाला तो ‘आपण कुठून आलात?’ एवढेच विचारतो. तरुण शेवटच्या टोकाला जाऊन उभा राहतो.

नायट्रो ही तिथली मोठी रोलर कोस्टर, सुमारे ४० मीटर उंच. सहलप्रमुख तिच्यात बसत नाही. बॅगा, चपला, चष्मे, आजीची पर्स आणि मेहुण्यांचा मोबाइल सांभाळायला कोणीतरी खाली हवे असते आणि तो हे काम स्वतःकडे घेतो. खाली उभा राहून, मान वर करून, तो शेजारच्या अनोळखी गृहस्थाला समजावतो: घर्षण सोडून दिले तर ४० मीटरवरून खाली येताना वेग सेकंदाला २८ मीटर होतो, म्हणजे ताशी १०० किलोमीटर. सकाळी द्रुतगती मार्गाच्या सपाट भागावर मोटारीला हीच मर्यादा होती. म्हणजे हा अनुभव मुलांनी येताना टोलच्या पैशांत घेतलेलाच आहे. गृहस्थांना हे पटते. तेही बॅगा घेऊनच उभे असतात.

मुले खाली येतात ती लाल चेहऱ्याने, घसा बसवून, ‘परत, परत!’ ओरडत. भाचा हिरवट दिसतो. पुऱ्यांचे तेच असते. त्याला सावलीत बसवून लिंबू-मीठ देतात. वेळापत्रकात या गोष्टीला जागा नसल्याने पुढचे सगळे रकाने पाऊण तासाने सरकतात, सहलप्रमुख लॅमिनेट केलेल्या नकाशावर मार्कर पेनने नवे बाण काढतो आणि बाण पुसले न गेल्याने दुपारनंतर तो नकाशा कोणालाच वाचता येत नाही. त्यानंतरचे तीन तास कुटुंब नियोजनाशिवाय हिंडते. मुलांच्या मते सहलीतला तोच भाग चांगला असतो. हे मत वहीत नोंदवलेले नाही.

परतताना महडला दर्शन होते, पाली ‘पुढच्या वेळी’ राहते, आजी रागावते, आणि लोणावळ्याला चिक्की घेताना निवळते. गाडीत सगळे झोपलेले असतात. सहलप्रमुख तेवढा पुढच्या सीटवर जागा राहून पावत्या जुळवत असतो.

हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर येतो. त्यात डिझेल, टोल, तिकिटे, ड्रायव्हरचे जेवण, आवळासुपारी आणि नकाशाचे लॅमिनेशन वेगवेगळे दाखवलेले असते. पाच वर्षांखालच्या मुलांना शून्य आणि भाच्याला पूर्ण हिस्सा धरलेला असतो. ज्यांना असा हिशेब येईल त्यांनी त्यात चूक शोधू नये, कारण चूक नसते. पैसे त्याच दिवशी पाठवावेत, आणि खाली ‘पुढच्या वर्षी कुठे?’ असे मात्र चुकूनही लिहू नये. त्याची तारीख ठरलेली असते.