मागून येऊन ठोकणाऱ्या साहेबांस

सा. न. वि. वि.

नळ स्टॉपच्या सिग्नलला आपली ओळख झाली. आपण फोन उचलत नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

सिग्नल लाल होता. टिश्यू पेपर विकणारा पोरगा पुढच्या दोन गाड्या करून माझ्या काचेशी पोचला होता, तेवढ्यात आपण आलात. उतरून आधी स्वतःच्या बॉनेटवर बोट फिरवलंत आणि मग मला विचारलंत, ‘‘असा अचानक ब्रेक का मारला?’’ उभी गाडी याहून सावकाश कशी उभी करतात, ते एकदा दाखवा. रिक्षावाल्यांनी ‘मिटवा’ म्हणून निकाल दिला, मागच्यांनी हॉर्न वाजवले, ते सोडा.

पण जाता जाता आपण म्हणालात, ‘‘इन्शुरन्स आहे ना तुमचा? मग टाका की क्लेम!’’

काय हे औदार्य, तेही माझ्या पैशांवर! साहेब, पाच वर्षं एकही क्लेम न केल्यामुळे माझा नो क्लेम बोनस 50 टक्क्यांवर पोचला होता. एक क्लेम टाकला की तो शून्य. चूक कोणाची, हे तिथे कोणी विचारत नाही. बंपर प्लास्टिकचा, म्हणून त्याच्या किमतीतून 50 टक्के घसारा कापला. वर 1000 रुपये सक्तीचे, माझ्या खिशातून. डिकी लागेना म्हणून सुतळीने बांधून गाडी गॅरेजला नेली, ती सुतळीसुद्धा मीच घेतली.

अहो, निदान सॉरी तरी म्हणायचं! त्याला प्रीमियम लागत नाही. वय काय, गाडी केवढी, आणि भर रस्त्यात दुसऱ्याचं नुकसान करून त्यालाच शहाणपण शिकवता? लाज कशी वाटली नाही?

असो. एका बाबतीत मात्र आपल्याबद्दलही वाईट वाटतं. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा आपल्यालाही सक्तीचा आहे. आपल्या गाडीसारख्या 1000 ते 1500 सीसीच्या खासगी गाडीला 2022 पासून त्याचे वर्षाला 3416 रुपये अधिक कर. ते पैसे अशाच नुकसानीसाठी असतात. फक्त ते मिळवायला मला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा, वकील गाठायचा आणि तारखांना शिवाजीनगरला हजर राहायचं. बंपरपेक्षा वकील महाग. म्हणून जो तो गुमान स्वतःच्याच पॉलिसीवर क्लेम टाकतो. आपला प्रीमियम फुकट आणि माझा बोनस गुल. आपल्याला तरी हे कोणी कधी सांगितलं असेल?

तरीही मी दावा लावतोय. पॉलिसीचा नंबर तेवढा पाठवा. संपली असेल तर तसं कळवा. पहिल्यांदा सापडलात तर 2000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. त्यात माझा बंपर मात्र येत नाही.

कळावे. लोभ नसला तरी चालेल.

आपला,
पुढच्या गाडीतला