कंडक्टरच्या बायकोला विचारा

अहो वहिनी, जरा भिंतीपाशी या. ती बादली राहू द्या, पाणी जायला अजून वेळ आहे. काल तुमचा धाकटा आमच्या ह्यांना विचारत होता म्हणे, सीप्झला कसं जायचं. झालं! उभा जन्म कंडक्टरकीत गेलेला माणूस. बसचा नंबर कुणी विचारला की ह्यांच्या अंगातच येतं. ताट वाढलेलं तसंच, आमटीवर साय धरली, आणि हे गेटापाशी उभं राहून पोराला आगारं मोजून दाखवतायत.

तुम्ही नाशिकहून आलात म्हणून सांगते. इथे मुंबईत बेस्टच्या बसचे नंबर उगाच दिलेले नसतात. दोनशेच्या पुढचा आकडा दिसला की समजायचं पश्चिम उपनगर, म्हणजे आपली चारकोप-गोराईची बाजू. तीनशेचे घाटकोपर-कुर्ल्याकडचे. चारशेचे पूर्व-पश्चिम जोडणारे, पाचशेचे खाडी ओलांडून नवी मुंबईला आणि सातशेचे मीरा-भाईंदरकडे. हे सगळं ढोबळमानाने हं. आता तुम्ही म्हणाल, ४१५ तर अंधेरी पूर्वेला सुटून पूर्वेलाच सीप्झला संपायची, मग ती चारशेत कशी? ते ह्यांना विचारू नका, रात्र होईल. नंबर लाल दिसला तर लिमिटेड, ती प्रत्येक स्टॉपला थांबत नाही. आणि आता नंबराआधी ‘ए’ असला तर एसी.

पाटीची आणखी एक गंमत. समोरच्या पाटीवर आकडे मराठी आणि दाराच्या बाजूला इंग्रजी, ही जुनी रीत. तुमच्या आधी त्या घरात कानपूरची एक बाई राहायची. क ख ग सुद्धा धड येत नव्हतं तिला, पण लांबून येणाऱ्या गाडीचा मराठी आकडा माझ्याआधी ओळखायची. पोटासाठी बस पकडायची असेल तर माणूस बरोब्बर शिकतो.

तिकिटाचं काय विचारता! २०१९ च्या जुलैत कमीत कमी तिकीट आठावरून पाचावर आणलं. एसीचं तर विसावरून सहावर. लोकांना खरंच वाटेना. हे नेमके त्याच्या आधी निवृत्त झाले होते, तर आमचे दीर म्हणतात, “दादा सुटला म्हणून बेस्टचा खर्च वाचला.” मग जवळजवळ सहा वर्षं कुणी हात लावला नाही, आणि ९ मे २०२५ ला एका दमात दुप्पट. पाचाचे दहा, एसीचे सहाचे बारा. मला विचाराल तर दोन्ही वेळा चुकलंच. डिझेल महागलं, पगार वाढले, तेव्हा दरवर्षी रुपया-आठ आणे वाढवले असते तर कुणी हूं की चूं केलं नसतं. पण निवडणूक आली की भाव धरून ठेवायचा, आणि तिजोरीचा तळ दिसला की एकदम धाडकन! भांडी घासायला येणारी ती पोर पाच रुपयांत यायची. ती आता स्टेशनपासून चालत येते. जाऊन-येऊन दहा रुपये जास्तीचे, म्हणजे तिच्या एका वेळच्या चहा-पावाचे पैसे.

नाही, तोटा खरा आहे, ते मी नाकारत नाही. त्याचीही एक गोष्ट आहे. आपल्याकडे विजेचं बिल अदानीचं येतं ना? माझी नणंद लालबागला, तिला बेस्टचं येतं. बेस्ट वीज देते फक्त शहरात, कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, आणि बस मात्र पार दहिसर-मुलुंडपर्यंत पळवते. पूर्वी विजेत जो नफा व्हायचा तो बसच्या तोट्यात जिरायचा. म्हणजे लालबागच्या दिव्यावर चारकोपची गाडी चालायची म्हणा ना. मग २००३ चा वीज कायदा आला, कोर्टकचेऱ्या झाल्या. पुढे काही वर्षं नणंदेच्या बिलात परिवहनाच्या तोट्याची वेगळी ओळच यायची. ती बघून ती माझ्याशी भांडायची, जणू मी एकटीच फुकट फिरत होते! मग ती ओळही गेली. आता महापालिकेपुढे हात पसरायचा. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात हजार कोटी ठेवले होते, ते कुठल्या कोपऱ्यात गेले कळलंही नसेल.

खरी मेख पुढे आहे. एके काळी चार हजारांच्या वर गाड्या होत्या, आता तीन हजारांच्या आत आल्यात. आणि त्यातल्या बेस्टच्या स्वतःच्या? काहीशे! बाकी सगळ्या ठेकेदाराच्या. गाडी त्याची, ड्रायव्हर त्याचा, दुरुस्तीही त्यानेच करायची, आणि बेस्टने किलोमीटरमागे पैसे मोजायचे. रंग लाल, नाव बेस्टचं, म्हणून तुम्हा-आम्हाला फरक दिसत नाही. पण २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्या ठेक्यावरच्या ड्रायव्हरांनी पगारासाठी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा दिसला. बेस्टवाले म्हणणार, माणसं आमची नाहीत. ठेकेदार म्हणणार, दर परवडत नाही. मदतीला शेवटी एसटीच्या गाड्या आणाव्या लागल्या. २०१९ च्या जानेवारीतही संप झाला होता, नऊ दिवस, आमचे हेसुद्धा त्यात होते. पण तेव्हा भांडायला समोर कुणीतरी होतं. युनियन होती, महाव्यवस्थापक होते, कोर्ट होतं. आता आधी भांडायचं कुणाशी तेच शोधायचं.

कुर्ल्याच्या अपघाताचं तर बोलवत नाही. ९ डिसेंबर २०२४, रात्रीची वेळ, रस्त्यावर बाजाराची गर्दी. ३३२ नंबरची इलेक्ट्रिक गाडी, आणि ड्रायव्हरला तसल्या मोठ्या, बिनगिअरच्या गाडीची पुरेशी सवयच नव्हती असं पुढे आलं. माणसं गेली हो. त्या रात्री हे टीव्हीसमोरून उठले नाहीत. एवढंच म्हणाले, “आमच्या वेळी नवीन गाडी आली की आधी जुना ड्रायव्हर शेजारी बसायचा.”

असो. माझं दुखणं वेगळंच आहे, आणि त्याला माझे हे कारण आहेत असं समजू नका. माझं म्हणणं आहे, कंडक्टर गेला.

सगळ्या गाड्यांतून नाही गेला, ते खरं. पण काही मार्गांवर तो आता स्टॉपवर खाली उभा राहून तिकिटं देतो, गाडीत चढत नाही. बाकी तिकीट मोबाईलवर, नाहीतर कार्ड टेकवायचं. साहेबांच्या हिशेबात एक पगार वाचला. पण कंडक्टर म्हणजे नुसतं तिकीट होतं का? आमच्याकडे माळ्यावर अजून ह्यांची ती ॲल्युमिनियमची पेटी आहे, पूर्वीची, मशीन यायच्या आधीची. आत प्रत्येक किमतीच्या रंगीत तिकिटांची वेगळी गड्डी. हे अंगठ्याने तिकीट असं सरकवायचे, पंचने भोक पाडायचे, आणि मधूनमधून तोच पंच पेटीवर टिकटिक वाजवायचे. घरी आल्यावर बोटं काळी, नाण्यांनी. पाचव्यांदा साबण लावला तरी भाताला हात लावू द्यायची नाही मी.

आणि त्या टिकटिकीतच सगळा कारभार चालायचा. म्हातारी चढली की कॉलेजचं पोर उठवायचं. “पुढे सरका, पुढे जागा आहे!” असं ओरडायचं, मग पुढे तीळ ठेवायला जागा नसली तरी चालेल. एक घंटा मारली की थांबा, दोन मारल्या की सोडा. कुणाचं पाकीट मारलं, कुणाला चक्कर आली, कुणाला कांदिवलीच्या जागी कांजूरला जायचं होतं, तर कुठे उतरायचं नि पुढची कुठली गाडी धरायची, सगळं ह्यांच्याच गळ्यात. हॉस्पिटलला जाणारी बाई वाटेत गोंधळली तर तिला सांगायचे, “मावशी, मी सांगतो तेव्हा उतरायचं, खिडकीतून वाकून बघू नका.” त्या मोबाईलला हे विचारून बघा. तो म्हणेल, पेमेंट फेल!

आमचा नातू हसतो मला. म्हणतो, आजी, परदेशात कुठे कंडक्टर असतात? नसतील रे बाबा. तिथे प्रत्येक स्टॉपवर पाटी असेल, गाडी दिलेल्या वेळेला येत असेल, ड्रायव्हरला चार शब्द बोलायला उसंत असेल. इथला ड्रायव्हर एका हाताने रिक्षा चुकवतोय, दुसऱ्या हाताने दाराचं बटण दाबतोय, आणि त्याला बाई विचारतेय, “भाऊ, राजेंद्रनगर आलं का?” तो कशाला उत्तर देईल?

नवीन सगळं वाईट असं मी म्हणत नाही हं. त्या एसी डबलडेकर मस्त आहेत, २०२३ च्या फेब्रुवारीत आल्या. मी सीएसएमटीहून एकदा वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसून गेले, पोरांच्या आधी जागा धरून. जुनी डबलडेकर त्याच सालच्या १५ सप्टेंबरला शेवटची धावली, ती ४१५ च, मघाशी सांगितली ती. हार घातले, फोटो काढले, लोक रडले सुद्धा. सासूबाई सांगायच्या, शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला गेली तेव्हाही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अशीच माणसं उभी. मुंबईकराची ही खोडच आहे. गाडी चालू असते तोवर शिव्या घालायच्या, बंद झाली की हार घेऊन पळायचं.

बरं, तुम्हाला ती पतपेढीची गंमत माहितीय का? बेस्टच्या कर्मचाऱ्यांची पतपेढी. एरवी तिची निवडणूक कुणाच्या गावी नसते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दोघे ठाकरे बंधू एकत्र पॅनेल घेऊन उतरले, चॅनेलवाले दोन दिवस तेच दळत बसले. निकाल काय लागला? एकवीसपैकी कामगार नेते शशांक रावांच्या पॅनेलला चौदा, महायुतीच्या पॅनेलला सात, आणि बंधूंना भोपळा! ह्यांचे जुने सोबती ओट्यावर बसून रात्री बारापर्यंत चर्चा करत होते. चहाच्या चार फेऱ्या झाल्या, साखर संपली. मी म्हटलं, अहो, पतपेढी कुणाचीही येऊ द्या, बस कधी येणार ते बोला. तर सगळे एकदम गप्प. मग एक जण म्हणाला, “ॲपवर दिसते की.” मी म्हटलं, मग ॲपवरच चढा!

आणि आता खरं सांगू? आमचे हे, ज्यांची बाजू घेऊन मी इतका वेळ घसा कोरडा केला, ते एसीतच जाऊन बसतात. वर मला सांगतात, “गार वाटतं, शिवाय सुट्ट्या पैशांची कटकट नाही.” कंडक्टरने असं बोलावं! पण परवा माझ्यासमोर झालं. मागच्या सीटवरची बाई शेजारणीला विचारत होती, महावीरनगर कुठे येईल. शेजारीण मोबाईलमध्ये. आमचे हे ताडकन उठले, दांडा धरला आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडले, “महावीरनगर पुढचं! उतरणारे पुढे चला!” ड्रायव्हरने आरशातून बघितलं. मला मेलीला तोंड कुठे लपवू झालं.

तर तुमच्या पोराला सांगा, सीप्झचं माझ्याकडून विचार. मी दोन वाक्यांत सांगते. मेट्रोने निम्मी वाट उरक म्हणावं, पुढे बस मिळते. अगं बाई, तुमची बादली! भरून वाहतेय बघा, धावा.